रेडिओवर लाइव्ह सिंफनी ऐकताना पियानोच्या आधी लोक ओरडतात ते काय असतं?

निशाचर_नाशिक

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मला पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही, शाळेत असताना बुलबुलतरंग वाजवायचो तेवढीच आपली पात्रता. माझी कायमची नाइट शिफ्ट आहे, अमेरिकेतले क्लायंट, फोन आला तर आला नाहीतर रात्रभर स्क्रीनकडे बघत बसायचं. तर मागच्या महिन्यात असंच नेटवर रेडिओ चाळता चाळता बीबीसी रेडिओ थ्री लागलं आणि बरोब्बर रात्री बाराच्या ठोक्याला निवेदिका म्हणाली की आपण आता लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आहोत, प्रॉम्स (तिकडची दर उन्हाळ्यातली संगीत कार्यक्रमांची मालिका) सुरू होतंय. तिकडे संध्याकाळचे साडेसात. काय वाजवणार ते नीट समजलं नाही पण मागे जी गर्दीची कुजबुज होती ना, हजारो लोक जागेवर बसतायत, कोणीतरी हसतंय, वाद्यं लावणं चाललंय, ते ऐकूनच अंगावर काटा आला. एकदम सवाईच्या मांडवात मागच्या बाजूला उभं असल्यासारखं वाटलं. तेव्हापासून रोज लावतो.

आता प्रश्न. पियानोचं काही असलं की आधी थोडा वेळ खुडबुड ऐकू येते, मग खालून कुठून तरी पाच-पंचवीस लोक एकदम एक शब्द ओरडतात, लांबून वरून दुसरे कोणीतरी उत्तर देतात आणि अख्खा हॉल हसतो. हे एकदा नाही, तीन वेळा झालं. त्यानंतर कोणीतरी पियानोवर फक्त एक सूर वाजवतं आणि त्याला टाळ्या!! एका सुराला?

दुसरं म्हणजे आवाज. मधेच इतका बारीक होतो की मला वाटतं नेट गेलं, म्हणून मी वाढवतो आणि पुढच्या मिनिटाला कानाचे पडदे फाटतात. माझ्याच हेडफोनचा प्रॉब्लेम आहे का?

आणि तिसरं, आमच्या हिने विचारलेलं. हेच सगळं यूट्यूबवर स्वच्छ रेकॉर्ड केलेलं फुकट मिळतं, मग रात्री बाराला उठून, म्हणजे मी जागाच असतो पण समजा, लाइव्हच कशाला ऐकायचं? मला उत्तर देता आलं नाही.

टेम्सकाठची

हाहा, तुमचा पहिला प्रश्न वाचून खूप हसले कारण मी त्या ओरडणाऱ्यांमधली आहे!

म्हणजे असं, अल्बर्ट हॉलच्या मधोमध खालच्या गोल भागात, स्टेजच्या अगदी समोर, प्रॉम्सच्या काळात खुर्च्या नसतात, तिथे उभं राहून ऐकायचं. तसंच सगळ्यात वर गॅलरीत पण. या उभ्याच्या तिकिटाला आठ पौंडाच्या आसपास पडतात, लंडनमध्ये तेवढ्यात धड जेवणही होत नाही. या उभ्या लोकांना प्रॉमर्स म्हणतात आणि त्यांचे स्वतःचे काही पोरकट रिवाज आहेत. पियानो स्टेजवर आणून त्याचं मोठं झाकण उघडतात तेव्हा खालचे ओरडतात ‘हीव्ह’ आणि वरून गॅलरीवाले म्हणतात ‘हो’. थोडक्यात आपलं ‘जोर लगाके हैय्या’. झाकण उचलायला एक माणूस पुरतो, म्हणून तर हसू येतं.

एका सुराचं पण सांगते. ऑर्केस्ट्राची पहिली व्हायोलिनवाली/वाला, त्यांना इकडे लीडर म्हणतात, तो पियानोवर ‘ए’ ही पट्टी दाबतो, मग बाकीचे त्या सुराला आपापली वाद्यं लावतात. तर त्या एका सुरालाच प्रॉमर्स टाळ्या देतात, जणू कार्यक्रम झाला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं मीच काहीतरी मिस केलं. इंटरव्हल संपताना कधी कधी खालची सगळी मंडळी एका सुरात ‘अरीना टू ऑडियन्स’ (अरीना म्हणजे तो खालचा उभ्यांचा भाग) म्हणून घोषणा करतात, ती वर्गणीची असते, संगीतकारांसाठीच्या संस्थांना किती पैसे जमले ते सांगतात. ते पण रेडिओवर येतं, नीट ऐका.

हा उभं राहून ऐकायचा प्रकार १८९५ पासूनचा. हेन्री वुड नावाचा कंडक्टर, क्वीन्स हॉल, स्वस्त तिकीट, तेव्हा तर खातपित सिगरेट ओढत ऐकायला पण परवानगी होती. १९२७ ला बीबीसीने हे सगळं चालवायला घेतलं, तेव्हा रेडिओ अगदी नवा होता. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बने क्वीन्स हॉल जळाला आणि प्रॉम्स अल्बर्ट हॉलला आलं ते आजपर्यंत. आणि प्रत्येक म्हणजे प्रत्येक प्रॉम रेडिओ थ्रीवर लाइव्ह असतं, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत. सातचं असेल तर तुमच्याकडे साडेअकरा, साडेसातचं असेल तर बारा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नंतर लिहिते, ऑफिसात आहे.

माईकवाला

हेडफोन ठीक आहे तुझा, पैसे घालवू नकोस.

मी नाटकाचं आणि गाण्याच्या कार्यक्रमांचं साउंड करतो पुण्यात, सिंफनी आयुष्यात एकदाच केली आहे आणि त्या रात्री झोपलो नाही. आपले नेहमीचे एफएम स्टेशन असतात ना ते सगळं एका लेव्हलला दाबून देतात, कंप्रेसर म्हणतात त्याला, म्हणजे आरजे कुजबुजला काय आणि ढोलताशा वाजला काय तुझ्या गाडीत सारखंच. सिंफनीला असं दाबलं तर ती मेली. एकटी बासरी श्वासासकट ऐकू यायला पाहिजे आणि दहा मिनिटांनी सगळी पितळी फुंकवाद्यं नि झांजा एकदम आल्या पाहिजेत, ह्या दोन्हीतलं अंतर हेच तर संगीत आहे त्यांचं. म्हणून रेडिओ थ्रीवाले कमीत कमी दाबतात. रावेल या संगीतकाराचं बोलेरो लागलं तर सावध, सुरवातीला स्नेअर ड्रम इतका बारीक की तू हमखास आवाज वाढवणार, आणि ती चीज पंधरा मिनिटं नुसती चढतच जाते, शेवटाला शेजारी दार वाजवतील. सुरवातीला जो आवाज लावलास तो हलवायचा नाही, हा एकच नियम.

माइकचं पण सांगतो कारण मला त्यातच रस. कंडक्टरच्या डोक्याच्या मागे उंचावर टांगलेले मुख्य माइक असतात, खरं चित्र त्यांचंच. मग हार्प, लाकडी फुंकवाद्यं, टिंपनी (मोठे नगारे) वगैरेंना जवळून वेगळे. आता गंमत अशी की हार्पचा जवळचा माइक आणि वरचा मुख्य माइक यात समजा दहा मीटर अंतर आहे, तर आवाजाला तेवढं जायला साधारण तीस मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळचा माइक आधी बोलतो आणि हार्प अंगावर आल्यासारखी वाटते. म्हणून जवळच्या माइकला मुद्दाम तेवढा उशीर देतात. आणि बाहेर ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या गाडीत, मिक्सिंग करणाऱ्याच्या शेजारी एकजण स्वरलिपी उघडून बसलेला असतो, तो आधीच सांगतो की दोन ओळींनी ओबो (एक लाकडी फुंकवाद्य) येतोय. नाटकात आमचा प्रॉम्प्टर असतो तसा, फक्त हा नटाला नाही, आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरला सांगतो. रीटेक नाही. चुकलं की चुकलं, लाखो लोकांनी ऐकलं.

शांततेवरून आठवलं, रेडिओ स्टेशनला एक यंत्रणा असते, काही वेळ आवाजच आला नाही तर तिला वाटतं काहीतरी बंद पडलं आणि ती आपोआप दुसरं काहीतरी चालू करते. २००४ च्या जानेवारीत बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राने लंडनच्या बार्बिकन हॉलला जॉन केजची ४ मिनिटं ३३ सेकंदांची रचना वाजवली, म्हणजे काहीच वाजवलं नाही, पूर्ण ऑर्केस्ट्रा गप्प बसून. आणि रेडिओ थ्रीवर ती लाइव्ह होती! त्या यंत्रणा मुद्दाम बंद करून ठेवाव्या लागल्या होत्या. रचनेच्या भागांच्या मधल्या विरामात लोकांनी खोकून घेतलं ते तेवढं ऐकू आलं. मला कोणी विचारलं साउंडवाल्याची सगळ्यात अवघड रात्र कोणती तर मी हीच सांगेन, लोक हसतात पण खरंच.

तिरकस

वा, म्हणजे साडेचार मिनिटं काहीच नाही वाजवलं आणि त्याला पण टाळ्या. आमच्याकडे एमएसईबी रोज वाजवते हे.

मला वहिनींचं म्हणणं पटतं. रेकॉर्डिंगमध्ये चुका काढून टाकलेल्या असतात, खोकणारे म्हातारे नसतात, फ्रेंच हॉर्नचा सूर फाटत नाही. लाइव्हचं कौतुक म्हणजे अपघात बघायला गर्दी करण्यासारखं आहे. टोस्कानिनी या कंडक्टरचंच घ्या की. अमेरिकेत एनबीसी रेडिओने खास त्याच्यासाठी आख्खा ऑर्केस्ट्रा उभा केला, १९३७ सालच्या नाताळच्या रात्रीपासून तो त्यांचा लाइव्ह कार्यक्रम करत होता, माणसाची स्मरणशक्ती अशी की स्वरलिपी समोर न ठेवता कंडक्ट करायचा. आणि ४ एप्रिल १९५४, वय ८७, कार्नेगी हॉलमध्ये शेवटचा कार्यक्रम, वाग्नर या संगीतकाराची रचना चालू असताना मध्येच त्याचं भान हरपलं, हात थांबला. कंट्रोल रूमवाले घाबरले आणि रेडिओवर काय लावलं तर ब्राम्स या दुसऱ्याच संगीतकाराच्या पहिल्या सिंफनीची रेकॉर्ड! वाग्नर ऐकत बसलेल्या लोकांच्या कानावर अचानक ब्राम्स. थोड्या वेळाने परत वाग्नर. बिचाऱ्या म्हाताऱ्याची शोभाच झाली की नाही? रेकॉर्डिंग असतं तर कोणाला कळलंही नसतं.

टेम्सकाठची

तिरकस, पण बघा ना, तुम्हाला टोस्कानिनीच्या शंभर परफेक्ट रेकॉर्डांपैकी कुठली तारीख पाठ आहे? ही एकच आहे :)

आणि एक गैरसमज आहे तो काढते. ‘लाइव्ह’ असं छापलेल्या ज्या सीडी असतात त्या बहुतेक दोन-तीन रात्रींच्या कार्यक्रमातून चांगले चांगले तुकडे जोडून केलेल्या असतात, वर हॉल रिकामा झाल्यावर राहिलेले तुकडे परत वाजवून घेतात. त्यामुळे खरं एकसंध, सुरवातीपासून शेवटपर्यंत जसं झालं तसं, हे रेडिओवरच मिळतं.

मला विचाराल तर २१ ऑगस्ट १९६८ ऐका. त्या दिवशी पहाटे रशियन रणगाडे चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये शिरले आणि संध्याकाळी अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम कोणाचा, तर सोव्हिएत स्टेट ऑर्केस्ट्राचा, स्वेतलानोव कंडक्टर. आणि चेलोवर रोस्त्रोपोविच वाजवणार काय, तर ड्वोर्झाकचा कॉन्चेर्टो, म्हणजे एका वाद्याने ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची रचना. ड्वोर्झाक म्हणजे चेक माणूस! हे सगळं महिनोन्महिने आधी ठरलेलं, कोणी मुद्दाम केलेलं नाही. बाहेर निदर्शनं, आत सुरवातीलाच लोक ओरडतायत, ते सगळं प्रक्षेपणात आलेलं आहे, पुढे बीबीसीच्या रेकॉर्डवर पण निघालं. रोस्त्रोपोविच रडत वाजवत होता म्हणतात, संपल्यावर त्याने ड्वोर्झाकची स्वरलिपी उचलून लोकांना दाखवली. तोच कॉन्चेर्टो त्याने स्टुडिओत कितीतरी वेळा रेकॉर्ड केलाय, जास्त सुंदर पण असेल, पण मी तो ऐकताना भांडी घासू शकते. १९६८ चा लावला की भांडी राहतात.

बॉस्टनची_मावशी

भांडी 😄

मी पण लिहिते थोडं, इकडे येऊन तीस वर्षं झाली, आमचे हे आणि मी दोघंही शनिवारी रात्री डब्ल्यूसीआरबी हे रेडिओ स्टेशन लावतो, ९९.५, बॉस्टन सिंफनीचा कार्यक्रम असतो सिंफनी हॉलमधून, उन्हाळ्यात त्यांच्या उन्हाळी ठिकाणाहून, टँगलवूडहून. तिकिटं काढून जाणं वर्षात एकदा-दोनदाच जमतं, पार्किंगचे पैसे ऐकलेत तर चक्कर येईल, त्यामुळे वरणभाताचा कुकर आणि बीथोव्हेन एकत्रच. शिट्टी झाली की हे ओरडतात, अगं बंद कर तो!

इथलं नातं जुनं आहे. डब्ल्यूजीबीएच हे एफएम स्टेशन १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं तेच बॉस्टन सिंफनीच्या लाइव्ह कार्यक्रमाने. आणि मला जे सांगायचंय ते १९६३ चं. शुक्रवार, २२ नोव्हेंबर, दुपारचा कार्यक्रम, शुक्रवारच्या दुपारी येणारे म्हणजे बहुतेक वयस्कर बायका, टोप्या वगैरे घालून. मध्येच कंडक्टर लाइन्सडॉर्फ लोकांकडे वळून सांगतो की अध्यक्ष केनेडींची हत्या झाल्याची बातमी आली आहे. रेडिओ चालू आहे. लोकांच्या तोंडून जो आवाज निघतो ना तो शब्दात नाही सांगता येणार, आपल्याकडे दारात वाईट बातमी आल्यावर घरातल्या बायकांचा निघतो तसा. मग तो म्हणतो, आता आम्ही बीथोव्हेनच्या तिसऱ्या सिंफनीतला शोकयात्रेचा भाग वाजवू. आणि पुन्हा तसाच आवाज. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा बहुतेकांना ते खरं वाटलं नसणार, शोकयात्रा म्हटल्यावर वाटलं. वादकांच्या हातात कागद आयत्या वेळी आले, तालीम नाही काही नाही, आणि वाजवायला लागले.

हे मी रेकॉर्डिंगवर ऐकलं, तेव्हा माझा जन्मही नव्हता. पण ते रेकॉर्डिंग आहे याचं कारण रेडिओचा माइक चालू होता. तो काय फक्त संगीत टिपायला लावला होता का, हो, पण त्याने पुढचं सगळंच टिपलं.

निशाचर, तुला वेळ सांगते. इकडचे शनिवारचे रात्रीचे आठ म्हणजे तुझ्याकडे रविवारची पहाट, उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. शिफ्टवरून घरी जाताना ऐकता येईल.

मडगावचो_मुंबईकर

लंडन बॉस्टन सगळं छान पण आपल्या मुंबईचं कोणीच बोलेना म्हणून लिहितो. माझे आजोबा गोव्याहून मुंबईला आले ते व्हायोलिन घेऊन. दिवसा फिल्मच्या गाण्यांची रेकॉर्डिंग, कारण पैसा तिथे, आणि संध्याकाळी सिंफनीची तालीम, कारण जीव तिथे. मेहली मेहतांनी, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांनी, १९३५ ला बॉम्बे सिंफनी उभी केली त्यात गोव्याचे आणि पारशी मिळून किती वादक होते विचारू नका. आणि आकाशवाणीची ती सकाळची ट्यून, जी ऐकून आपण सगळे शाळेला उठलो, ती रचली वॉल्टर कौफमानने. नाझींमुळे युरोप सोडून आलेला ज्यू माणूस, १९३७ पासून मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. त्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं असं घरी सांगायचे.

आता मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राला २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, मी जातो अधूनमधून. पण रेडिओवर लाइव्ह त्यांचं काही मी तरी कधी ऐकलेलं नाही, आणि ह्याचं मला फार वाईट वाटतं. तिकडे युरोपात रेडिओनेच ऑर्केस्ट्रा पाळलेत, बीबीसीचा १९३० पासून, म्युनिकला बव्हेरियन रेडिओचा १९४९ पासून, आणि नुसते पाळले नाहीत तर एकमेकांचे कार्यक्रम युरोपभर देतात घेतात. आपल्याकडे वाद्यवृंद होता की आकाशवाणीचा, १९५२ ला रविशंकरांनी सुरू केलेला. शनिवारी रात्री राष्ट्रीय संगीत कार्यक्रम लागला की आमच्या चाळीत रेडिओ एकाच्या घरी आणि श्रोते जिन्यापर्यंत. सवय होती आपल्याला. गेली.

तिरकस

बॉस्टनच्या मावशींचं वाचून गप्प बसलोय. शोधून ऐकलं आत्ताच. दुसरा आवाज खरंच वेगळा आहे.

पण दोन मूव्हमेंटच्या, म्हणजे सिंफनीच्या दोन भागांच्या, मध्ये जे सगळे मिळून खोकतात ते मात्र मी माफ करणार नाही. टाळ्या वाजवल्या तर पाप आणि खोकलं तर चालतं, हा कुठला न्याय? आपल्याकडे समेवर ‘वाह’ निघतं, गाणाऱ्यालाही बरं वाटतं.

टेम्सकाठची

त्यावर इकडेही भांडणं होतात :) प्रॉम्समध्ये नवीन लोक खूप येतात म्हणून मध्ये टाळ्या पडतातच. चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी लागली तर तिसऱ्या भागानंतर हमखास, कारण तो इतका धडाक्यात संपतो की कोणालाही वाटेल झालं. आणि मग चौथा भाग सुरू होतो, सगळ्यात दुःखी. टाळ्या वाजवणाऱ्यांचे चेहरे मी बघितलेत. रेडिओवर फक्त टाळ्या विरत जाताना ऐकू येतात, त्यावर व्हायोलिन.

निशाचर_नाशिक

अरे बापरे एवढं लिहिलंत सगळ्यांनी, एकेकाला वेगळं उत्तर देत नाही. आवाज न हलवण्याचा नियम पाळला, तीन दिवस, जमतंय. हिला केनेडीचं ऐकवलं, काही बोलली नाही, फक्त म्हणाली परत लाव.

काल रात्रीची गंमत सांगतो. पियानो होता. मी हेडफोन लावून, समोर क्लायंटच्या तक्रारींची तिकिटं उघडी, मधल्या खुडबुडीवरूनच मला कळलं की आता येणार. खालच्यांनी ‘हीव्ह’ म्हटलं आणि माझ्या तोंडून आपसूक मोठ्याने ‘होऽऽ’ निघालं. फ्लोअरवर आम्ही सहा जण आणि दाराशी सिक्युरिटीवाले काका. काका धावत आले, म्हणाले काय झालं साहेब, कोणी आहे का? आता त्यांना काय सांगू, झाकण उघडलं म्हणून?

बरं येत्या रविवारी पहाटे साडेपाचला बॉस्टनवालं लावणार आहे. कोणी उठणार आहे का, सोबत असली तर बरं.

माईकवाला

रविवारी पहाटे मी प्रयोग संपवून सामान उतरवत असतो. व्हॅनमध्ये लावेन. नेटवरचं लाइव्ह अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं, प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे ‘आत्ता ऐकलंस का’ असं लिहू नकोस, मला ते अजून आलेलं नसेल.

बॉस्टनची_मावशी

मी असणारच. आमच्याकडे तेव्हा जेवणाची वेळ, कुकर आधीच लावून ठेवते.